मिग वेल्डिंगची वायर अडते तेव्हा : स्पूलपासून टिपपर्यंतची तपासणी

फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये ज्याला कार्बन डायऑक्साइड गॅसवरून सरसकट ‘सीओटू’ म्हटले जाते, ते मिग वेल्डिंग हाताला लवकर बसते. पण मशीन नीट लावलेले नसेल तर चांगला हातही फुकट जातो. रॉडच्या वेल्डिंगमध्ये रॉड किती वेगाने पुढे सरकवायचा हे वेल्डरचा हात ठरवतो. मिगमध्ये ते काम मोटर करते. स्पूलवरून, म्हणजे रिळावरून, सुटलेली वायर तिला ढकलणाऱ्या रोलरमधून, केबलच्या आतल्या तीन-चार मीटरच्या लाइनर नावाच्या पोकळ आवरणातून आणि शेवटी टॉर्चच्या (हातात धरायची गन आणि तिची केबल) टोकाशी असलेल्या टिपच्या बारीक भोकातून आर्कपर्यंत, म्हणजे धातू वितळवणाऱ्या विजेच्या ज्योतीपर्यंत, पोहोचते. या वाटेवर कुठेही थोडी ओढ बसली, तरी वायरचा वेग कमी-जास्त होतो, वेगाबरोबर करंट हलतो आणि वेल्डची रेघ जाड-बारीक होऊ लागते.

अशा वेळी बहुतेकांचा हात सर्वांत आधी रोलरच्या टेन्शनच्या स्क्रूकडे जातो. वायर अडली, आवळा. पुन्हा अडली, आणखी आवळा. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा प्रकार आहे. रोलरची पकड खरोखर कमी आहे म्हणून वायर अडली, असे क्वचितच घडते. बहुतेक वेळा ओढ दुसरीकडे असते, आणि जास्त आवळल्यामुळे मूळ दोष तसाच राहून वायर चेपण्याचा नवा दोष त्यात भर घालतो. त्यामुळे स्क्रूला हात लावण्यापूर्वी वायर ज्या वाटेने जाते, त्या वाटेने स्पूलपासून टिपपर्यंत क्रमाने तपासत जावे.

मशीन लावताना होणाऱ्या चुका

पहिली चूक पोलॅरिटीची. गॅस वापरून भरीव वायरने वेल्डिंग करताना टॉर्च पॉझिटिव्हला आणि अर्थ क्लॅम्प (जॉबला, म्हणजे वेल्ड करायच्या वस्तूला, लावायचा चिमटा) निगेटिव्हला जोडलेला असावा लागतो. गॅसशिवाय चालणाऱ्या फ्लक्सकोअर (आत फ्लक्सची पूड भरलेल्या पोकळ) वायरला बहुधा याच्या उलट जोडणी लागते, म्हणजे टॉर्च निगेटिव्हला. घरगुती वापराची लहान इन्व्हर्टर मशीन दोन्ही कामांसाठी विकली जातात, आणि त्यांतली काही कारखान्यातूनच गॅसविना जोडणी करून येतात. ग्राहक त्यावर भरीव वायर आणि गॅस लावतो. आर्क पेटतो, पण प्लेटमध्ये शिरत नाही, रेघ प्लेटच्या वर दोरीसारखी उभी राहते आणि स्पॅटर, म्हणजे वितळलेल्या धातूचे थेंब, सगळीकडे उडतो. मग वायर निकृष्ट आहे, गॅस भेसळीचा आहे, असे तर्क सुरू होतात. नव्या मशीनवर पहिली रेघ मारण्यापूर्वी स्पूलच्या कप्प्यातली किंवा समोरच्या बाजूची ही जोडणी वाचून घेणे हे दोन मिनिटांचे काम आहे.

दुसरी चूक मापांच्या मेळाची. वायर ०.८ मि.मी.ची असेल तर रोलरची खाच ०.८ ची, टिप ०.८ ची आणि लाइनरही त्या मापाचा हवा. बाजारात मिळणाऱ्या लाइनरवर बहुधा रंगाची खूण असते : निळा साधारण ०.६ ते ०.९ मि.मी.साठी, लाल १.० ते १.२ साठी आणि पिवळा १.४ ते १.६ साठी. जाड वायरच्या लाइनरमधून बारीक वायर ढकलली तर ती आत नागमोडी होत जाते आणि टॉर्चला जरा वाक आला की अडते. रोलरवर सहसा दोन खाचा असतात आणि कडेवर मापे कोरलेली असतात. परंतु आपल्याकडे दिसणारा आकडा आतल्या खाचेचा की बाहेरच्या, हे प्रत्येक मशीनमध्ये सारखे नसते. त्यामुळे केवळ आकड्यावर विसंबू नये. वायर खाचेत ठेवून पाहावी : ती खाचेच्या दोन्ही उतारांवर टेकून माथा थोडा वर राहिला पाहिजे. ती तळाशी पूर्ण बुडत असेल तर खाच मोठी आहे. भरीव लोखंडी वायरला व्ही आकाराची गुळगुळीत खाच, ॲल्युमिनियमला यू आकाराची आणि फ्लक्सकोअरला दातेरी खाच वापरतात. दातेरी रोलरवर भरीव वायर चालवली तर तिच्या अंगावर दात उमटतात, आणि ती पुढे लाइनर व टिप कानशीसारखी घासत जाते.

तिसरी गोष्ट अर्थ क्लॅम्पची. करंट टॉर्चमधून जातो तितकाच क्लॅम्पमधून परत येतो, तरीही शेडमधली सर्वांत दुर्लक्षित वस्तू तीच असते. क्लॅम्प रंग लावलेल्या चॅनलवर किंवा गंजलेल्या टेबलावर अडकवला की आर्क थरथरतो, आणि ते थेट वायर अडल्यासारखे भासते. जॉबवरच, ग्राइंडरने घासून चकचकीत केलेल्या जागी क्लॅम्प लावावा. पाच मिनिटे काम करून मशीन बंद केल्यावर क्लॅम्प आणि केबलचा सांधा हाताला तापलेला लागला, तर तिथे जोड सैल आहे असे समजावे.

वीजपुरवठ्याचेही तसेच. २०० ॲम्पिअरचे सिंगल फेज मशीन पूर्ण क्षमतेने चालवले तर ते लाइनमधून २५ ते ३५ ॲम्पिअर ओढू शकते. भिंतीवरचा १६ ॲम्पिअरचा प्लग त्याला पुरत नाही. त्या प्लगवर १०० ॲम्पिअरच्या आसपासचे पत्र्याचे काम कसेबसे निभते. पन्नास फुटांची बारीक एक्स्टेन्शन केबल गुंडाळीतच ठेवून वापरली तर ती तापते आणि व्होल्टेज मशीनपर्यंत पोहोचेपर्यंत उतरते. केबल ४ चौरस मि.मी. किंवा त्याहून जाड तांब्याची असावी आणि ती पूर्ण उलगडून जमिनीवर पसरावी. शेतावर किंवा साइटवर संध्याकाळी व्होल्टेज पडते त्या वेळी दुपारची सेटिंग जुळेनाशी होते; अशा वेळी फीडर (वायर ढकलणारी मोटर-रोलरची यंत्रणा) उघडून बसण्याआधी मल्टिमीटरने लाइन मोजावी.

ओढ शोधण्याची सहा सेकंदांची रीत

वायर खरोखर अडते आहे की आर्क दुसऱ्याच कारणाने हलतो आहे, हे ठरवण्याची एक साधी रीत आहे. गॅसचा सिलिंडर बंद करावा, टॉर्च जमिनीवर सरळ ताणून ठेवावी आणि इंचिंगचे, म्हणजे आर्कशिवाय नुसती वायर पुढे सोडण्याचे, बटण घड्याळ लावून नेमके सहा सेकंद दाबावे. बाहेर आलेली वायर टेपने मोजावी. सेंटिमीटरमधल्या त्या आकड्याला दहाने गुणले की दर मिनिटाचा वेग मिळतो. ५० सें.मी. वायर आली तर वेग मिनिटाला ५ मीटर. आता टॉर्चच्या केबलचे एक फुटभर रुंदीचे वेटोळे करावे आणि त्याच सेटिंगवर पुन्हा सहा सेकंद वायर सोडावी. दोन्ही लांबी जवळपास सारख्या आल्या तर फीडर निर्दोष आहे आणि दोष सेटिंगमध्ये, अर्थमध्ये किंवा गॅसमध्ये शोधावा. वेटोळ्यात वायर पाच-सात सेंटिमीटरने कमी भरली तर लाइनरमध्ये ओढ आहे. दोन्ही वेळा लांबी कमी आणि दर वेळी वेगळी येत असेल तर रोलर, स्पूल किंवा मोटर यांच्याकडे वळावे.

ज्या मशीनला वेगळे इंचिंग बटण नसते, त्यावर ट्रिगर दाबून वायर सोडावी लागते आणि त्या वेळी वायरमध्ये व्होल्टेज असते. म्हणून आधी अर्थ क्लॅम्प जॉबवरून आणि टेबलावरून काढून बाजूला ठेवावा. टॉर्चच्या तोंडात डोकावून ‘वायर आली का’ हे कधीही पाहू नये. टिपमधून सुटलेली वायर सुईसारखी टोकदार असते आणि तिने डोळे गेल्याची उदाहरणे या धंद्यात आहेत.

स्पूल आणि रोलर

तपासणी स्पूलपासून सुरू करावी. टेन्शनचा, म्हणजे रोलर वायरवर दाबून धरणारा, दांडा मोकळा करावा आणि स्पूल हाताने फिरवून पाहावा. तो जड फिरत असेल तर मधल्या आसाचा नट जास्त आवळलेला आहे आणि मोटरची शक्ती स्पूल ओढण्यातच खर्च होते आहे. उलट तो भिंगरीसारखा फिरत राहिला तर ट्रिगर सोडल्यावर वायरची वेटोळी सैल होऊन एकमेकांवर चढतात, आणि पुढच्या वेळी एक वेटोळे दुसऱ्याखाली अडकून वायर एकाएकी थांबते. वायर पूर्ण वेगात सोडून ट्रिगर सोडल्यावर स्पूल जेमतेम बोटभर पुढे जाऊन थांबला, तर ब्रेक बरोबर आहे. १५ किलोचा भरलेला स्पूल आणि दोन किलो उरलेला स्पूल यांच्या वजनात फार फरक असल्यामुळे हा नट मधूनमधून पाहावा लागतो.

नवा स्पूल चढवताना वायरचे टोक एका हातात घट्ट धरल्याशिवाय बांधलेले टोक सोडू नये. स्पूलवरची वायर ताणलेल्या स्प्रिंगसारखी असते. टोक सुटले की क्षणात वरचे थर उलगडतात, आणि मग त्या स्पूलमध्ये असे चोरटे गुंते राहतात की ते दोन दिवसांनी कामाच्या ऐन वेळी वर येतात. १.२ मि.मी. वायरच्या १५ किलोच्या स्पूलमध्ये जवळजवळ १,७०० मीटर आणि ०.८ मि.मी.च्या स्पूलमध्ये जवळजवळ ३,८०० मीटर वायर असते, हे लक्षात घेतले म्हणजे एका निसटलेल्या टोकाची किंमत कळते. टोक कापताना ते तिरपे कापू नये. कापल्यावर कानशीने बोथट करावे आणि पुढची दहा-बारा सें.मी. वायर हाताने सरळ करूनच आत घालावी.

आता रोलर. रोलरच्या खाली फीडरच्या तळाशी काय पडले आहे ते टॉर्चलाइट लावून पाहावे. तिथे तांबूस, चमकणारी भुकटी साचलेली दिसली तर ती वायरवरच्या तांब्याच्या मुलाम्याची आहे. रोलर वायरला खरवडतो आहे, याची ती लेखी तक्रारच समजावी : पकड जास्त आहे, खाच चुकीच्या मापाची आहे, किंवा रोलर आणि वायर आत शिरण्याची नळी एका रेषेत नाही. ही भुकटी तिथेच राहत नाही. वायरबरोबर ती लाइनरमध्ये जाते, तिथल्या तेलकट धुळीत मिसळते आणि काही आठवड्यांत आत काळपट लेप जमतो. रोलरची खाच तारेच्या ब्रशने साफ करावी. खाचेच्या कडा झिजून तिचा तळ चकचकीत झाला असेल तर रोलर बदलावा. तो महाग नसतो.

पकड किती असावी याची चाचणी अशी करावी. दांडा अगदी सैल करून वायर सुरू करावी आणि रोलर घसरायचा थांबेपर्यंत स्क्रू थोडा थोडा आवळत जावे. मग हातमोजे घालून टॉर्चचे तोंड कोरड्या लाकडी ठोकळ्यापासून सुमारे ५ सें.मी.वर धरावे आणि वायर ठोकळ्यावर सोडावी. ती ठोकळ्यावर आदळून वळत बाहेर येत राहिली पाहिजे. ठोकळा अगदी एक सेंटिमीटरपर्यंत जवळ आणला की मात्र वायर थांबून रोलर तिच्यावर घसरला पाहिजे. हे घसरणे दोष नाही. टिपला वायर चिकटली तर रोलर घसरतो म्हणूनच आत गुंता होत नाही. पकड गच्च असली की पुढचा रस्ता बंद असतानाही रोलर वायर ढकलतच राहतो आणि ती सारी वायर रोलर आणि नळी यांच्यामधल्या फटीत घरट्यासारखी जमा होते. ही फट जितकी कमी, तितका गुंता होण्याची शक्यता कमी. म्हणून नळीचे तोंड रोलरला न घासता शक्य तितके जवळ आणून बसवावे.

गुंता झालाच तर तो ओढून सोडवू नये. गुंत्याच्या दोन्ही बाजूंना वायर कापावी, मधला भाग काढून टाकावा, टिप काढून लाइनरमधली उरलेली वायर टॉर्चच्या बाजूने पक्कडीने बाहेर खेचावी आणि नवे टोक घालावे. चुरगळलेली वायर ‘चालून जाईल’ म्हणून पुढे ढकलली तर तोच वाकडा भाग टिपमध्ये अडकतो.

लाइनर : जिथे दोष दिसत नाही

या वाटेवरचा सर्वांत त्रासदायक भाग लाइनर आहे, कारण तो केबलच्या आत असतो आणि कुणाला दिसत नाही. एका पावसाळ्यात आमच्याकडे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचे काम चालू असताना दर दोन-तीन मिनिटांनी वायर टिपमध्ये वितळून चिकटत होती. दिवसभरात सहा टिपा गेल्या. रोलरची पकड वाढवून झाली, वायरचा स्पूल बदलून झाला, दुकानदाराशी वाद झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी टॉर्चचे पुढचे तोंड खोलले तेव्हा कळले, की आठवड्यापूर्वी बदललेला नवा लाइनर कुणीतरी जवळजवळ १२ मि.मी. आखूड कापला होता. लाइनरचे टोक आणि टिप बसते तो डिफ्यूझर यांच्यामध्ये मोकळी जागा राहिली होती. त्या जागेत वायर किंचित वाकत होती, मग हिसक्याने सुटत होती, आणि त्या थांबण्याच्या क्षणी आर्क मागे सरकून टिपला लागत होता. लाइनरची किंमत टिपांपेक्षा फार नव्हती; वाया गेला तो संपूर्ण दिवस.

म्हणून लाइनर बदलताना टॉर्च पूर्ण सरळ, वेटोळे न ठेवता, जमिनीवर पसरावी. मागच्या बाजूने लाइनर पूर्ण आत घालून त्याचा नट बसवावा आणि मगच पुढे बाहेर आलेला भाग त्या टॉर्चच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाने कापावा. केबल वाकलेली असताना माप घेतले तर सरळ केल्यावर लाइनर आखूड पडतो. कापल्यावर आतल्या बाजूला जी धार राहते ती बारीक कानशीने काढावी. ही धार वायरवरचा मुलामा सोलत राहते.

लाइनर साफ करणेही तितकेच आवश्यक आहे. प्रत्येक नव्या स्पूलच्या वेळी टिप काढावी, वायर पूर्ण बाहेर घ्यावी आणि कॉम्प्रेसरची कोरडी हवा लाइनरमधून सोडावी. समोर पांढरे फडके धरले तर किती काळी धूळ निघते ते प्रत्यक्ष दिसते. काही जण वायर सहज सरकावी म्हणून स्पूलवर तेल किंवा ग्रीस लावतात. ते करू नये. तेल धूळ धरते आणि वेल्डमध्ये जाऊन भोके पाडते. हवा मारूनही सहा सेकंदांच्या चाचणीत फरक पडत नसेल तर लाइनर बदलावा. टॉर्चची केबल कुठे ठेचली गेली आहे का, तिच्यावरून ट्रॉलीचे चाक गेले आहे का, हेही पाहावे, कारण ठेचलेल्या जागी नवा लाइनरही अडणारच.

टिप

टिप हा झिजण्यासाठीच बनवलेला भाग आहे. नव्या टिपचे भोक वायरपेक्षा अगदी थोडे मोठे आणि पूर्ण गोल असते. वायर नेहमी एकाच बाजूला घासत जात असल्यामुळे वापरलेल्या टिपचे भोक त्या बाजूला लांबट होते; उजेडासमोर धरले की ते बियाच्या आकाराचे दिसते. असे झाले की वायर टिपला नीट टेकत नाही, करंट तुटक जातो आणि आर्क इकडेतिकडे भटकतो. दोष वायर अडल्यासारखा वाटतो, पण वायर अडलेली नसते. अशी टिप ठोकून, घासून पुन्हा वापरण्यात अर्थ नाही. टिप हाताने बसवून सोडू नये. पक्कडीने बेताने आवळावी, कारण सैल टिप तापते आणि तापलेल्या टिपमध्ये वायर फुगून अडकते.

वायर टिपला वारंवार चिकटत असेल आणि वरची सारी वाट निर्दोष असेल तर तीन गोष्टी पाहाव्यात. टॉर्च जॉबच्या फार जवळ धरली जाते आहे का? टिपपासून जॉबपर्यंतचे अंतर सामान्य कामात १० ते १५ मि.मी. असावे. व्होल्टेजच्या मानाने वायरचा वेग फार कमी ठेवला आहे का? आणि मशीनवर ‘बर्नबॅक’ची सोय असेल तर ती जास्त ठेवली आहे का? ट्रिगर सोडल्यावर करंट किती वेळ चालू राहावा, हे ती सोय ठरवते. ती जास्त असली की वायर थांबल्यावरही आर्क टिपकडे चढत जातो.

वायर स्वतःही दोषी असू शकते. स्पूलमधून मीटर-दीड मीटर वायर कापून गुळगुळीत फरशीवर मोकळी टाकावी. चांगली वायर एका मोठ्या वर्तुळाच्या आकारात पसरते आणि जवळजवळ सपाट पडून राहते. वर्तुळ ताटाएवढे लहान होत असेल किंवा वायर पिळासारखी वर उचलली जात असेल तर ती लाइनरमध्ये घासणार आणि टिपमधून बाहेर पडताना गरगरत येणार. कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यात स्पूल आठवडाभर मशीनवर उघडा राहिला तर वरच्या थराला गंज धरतो. बोटांमध्ये वायर धरून ओढल्यावर बोटे तपकिरी झाली, तर तेवढे थर सरळ कापून टाकावेत.

वायर नीट चालते, तरी आर्क बसत नाही

इथून पुढे दोष सेटिंगचा. मिगमध्ये वायरचा वेग म्हणजेच करंट, आणि व्होल्टेज म्हणजे आर्कची लांबी. दोन्ही एकमेकांच्या प्रमाणात राहिले पाहिजेत. सुरुवातीला पत्र्याच्या दर मि.मी. जाडीला सुमारे ४० ॲम्पिअर धरावेत. म्हणजे २ मि.मी.ला ८०, ३ मि.मी.ला १२० ॲम्पिअर. हा हिशेब पाच-सहा मि.मी. जाडीपर्यंत उपयोगी पडतो. व्होल्टेजसाठी करंटला ०.०५ ने गुणून त्यात १४ मिळवावेत : १२० ॲम्पिअरला २० व्होल्ट, २०० ॲम्पिअरला २४ व्होल्ट. वेगाचा अंदाज असा, की ०.८ मि.मी. वायर मिनिटाला ५ मीटर गेली तर करंट १०० ॲम्पिअरच्या आसपास येतो आणि १.२ मि.मी. वायर त्याच वेगाने गेली तर २०० च्या आसपास. हे आकडे सुरुवातीचे आहेत. शेवट कान ठरवतो.

तुकड्यावर रेघ मारून ऐकावे. पत्र्याच्या कामात चांगल्या आर्कचा आवाज तापलेल्या तेलात भजी सोडल्यावर येतो तसा एकसारखा, बारीक चरचरता असतो, कारण वायरचे टोक सेकंदाला अनेक वेळा जॉबला टेकून वितळत असते. वायर जॉबवर आपटून हाताला धक्के देत असेल आणि रेघ वर उभी राहत असेल तर वेग जास्त किंवा व्होल्टेज कमी आहे. आवाज फुसफुसता, मधूनच ‘फट’ करणारा, टोकाला मोठा गोळा धरणारा आणि रेघ पसरट, कडेला खाच पाडणारी असेल तर व्होल्टेज जास्त आहे. एका वेळी एकच बटण फिरवावे, तेही थोडेच, आणि दर वेळी नवी रेघ मारावी. दोन्ही बटणे एकदम फिरवणाऱ्याला कशाने सुधारणा झाली हे कळत नाही. जुळलेले आकडे वायरच्या मापासह खडूने मशीनच्या बाजूला लिहून ठेवावेत.

गॅस आणि भोके

वेल्डमध्ये भोके पडू लागली की गॅस वाढवण्याकडे कल असतो. साध्या कामाला मिनिटाला १० ते १५ लिटर गॅस पुरतो. तो २५ च्या वर नेला की नोझलच्या (टिपभोवतीच्या, गॅस सोडणाऱ्या टोपणाच्या) तोंडाशी भोवरे तयार होऊन बाहेरची हवाच आत ओढली जाते, आणि भोके वाढतात. आधी नोझलमध्ये पाहावे : स्पॅटर साचून गॅसची वाट अडली आहे का, टिप आणि नोझल यांच्यामध्ये स्पॅटरचा पूल झाला आहे का. मग आजूबाजूला पाहावे. उन्हाळ्यात वेल्डरच्या पाठीमागे लावलेला पेडेस्टल पंखा हे भोकांचे एक नेहमीचे आणि नेहमी विसरले जाणारे कारण आहे. ताशी सात-आठ किलोमीटरचा वारासुद्धा गॅसचे आवरण उडवतो. पंखा बंद करणे हा उन्हाळ्यात उपाय होऊ शकत नाही, हे मान्य. पण तो वेल्डरच्या अंगावर आणि जॉबपासून दूर वळवता येतो किंवा मध्ये पत्र्याचा आडोसा ठेवता येतो.

कार्बन डायऑक्साइड सिलिंडरमध्ये द्रवरूपात असतो, आणि त्यातून दोन गोष्टी निघतात. एक म्हणजे, सिलिंडर नेहमी उभाच हवा; आडवा ठेवला तर रेग्युलेटरमध्ये द्रव शिरतो. दुसरी म्हणजे, सिलिंडरच्या दाबाचा काटा किती गॅस उरला हे सांगत नाही. २० अंश तापमानाला तो ५७ बारच्या आसपास राहतो आणि आतला द्रव संपेपर्यंत तिथेच असतो. नंतर मात्र झपाट्याने खाली येतो. शिल्लक कळायची असेल तर सिलिंडर वजन करावा आणि त्यावर कोरलेले रिकाम्याचे वजन वजा करावे. द्रवाचा वायू होताना रेग्युलेटर थंड पडतो, म्हणून त्यावर हीटर असतो. रेग्युलेटरवर बर्फ धरू लागला तर हीटर बंद पडला आहे, आणि गॅस लवकरच तुटक येऊ लागेल. हीटर वेगवेगळ्या व्होल्टेजचे असतात. त्याच्या पाटीवरचा आकडा वाचल्याशिवाय तो भिंतीवरच्या सॉकेटमध्ये लावू नये.

गळती शोधण्यासाठी सांध्यांवर साबणाचे पाणी लावावे. टॉर्च फीडरमध्ये जिथे बसते, तिथली रबरी रिंग चिरली असेल तर गॅस तिथूनच निघून जातो आणि गॅसचा प्रवाह मोजणारा फ्लोमीटर मात्र बरोबर आकडा दाखवत राहतो. जॉबवरचा रंग, गंज, तेल आणि गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावरचे जस्त वेल्डच्या दोन्ही बाजूंना दोन-तीन सें.मी. ग्राइंडरने काढावे. जस्ताचा धूर अंगात ताप आणतो, म्हणून असे काम उघड्यावर आणि योग्य मास्क लावूनच करावे.

ॲल्युमिनियमबद्दल थोडेच सांगतो, कारण मिगची पद्धत १९४८ मध्ये अमेरिकेतील बॅटेल संस्थेत त्याच धातूसाठी विकसित झाली असली, तरी साध्या लोखंडी मांडणीवर ते चालत नाही. त्याला शुद्ध आर्गॉन, टेफ्लॉनचा लाइनर, यू खाचेचे रोलर आणि अतिशय हलकी पकड लागते. मऊ वायर तीन मीटर ढकलण्यापेक्षा टॉर्चवरच लहान स्पूल असलेली स्पूलगन वापरणे शहाणपणाचे आहे. लोखंडाला वापरलेला लाइनर ॲल्युमिनियमला कधीही वापरू नये.

मशीनचे बाहेरचे कव्हर उघडून आत हात घालू नये. प्लग काढल्यानंतरही कपॅसिटरमध्ये धोकादायक भार राहतो. वरची सारी वाट निर्दोष असूनही मोटर मध्येच थांबत असेल किंवा ट्रिगर दाबल्यावर काहीच हलत नसेल, तर ते काम तंत्रज्ञाचे आहे. त्याला सहा सेकंदांच्या चाचणीचे आकडे सांगितले तर त्याचाही वेळ वाचतो.

दिवसाचे काम संपल्यावर सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करावा, नळीतला गॅस सोडून रेग्युलेटरचा स्क्रू सैल करावा आणि टेन्शनचा दांडा उचलून ठेवावा, म्हणजे रात्रभर रोलर एकाच जागी वायरवर दाबून राहत नाही. टॉर्च हुकवर मोठ्या वेटोळ्यात टांगावी, खिळ्यावर मोडून नव्हे. जून ते सप्टेंबर या काळात स्पूल काढून प्लॅस्टिकच्या पिशवीत, तोंड बांधून, ऑफिसच्या कपाटात ठेवावा.